जुना गीझर आणि घरातला हिशेब

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात, यवतमाळात पहाटेची थंडी बोचायला लागते आणि आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाचा गीझर कोमटच पाणी देतो, कुणाचा थेंब थेंब गळतो, कुणाचा सुरू केला की घरभर अंधार. प्रश्न एकच, "ताई, दुरुस्त करू की नवा घेऊ?" घरच्या कर्त्या माणसाचं उत्तरही ठरलेलं, "चालतंय तोवर चालू दे नं!" मोटरसायकलचा टायर गुळगुळीत झाला की तो लगेच बदलला जातो, पण बाथरूममधल्या वस्तूची पाळी काही येत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि या प्रश्नाला आणखी एक फाटा फुटला. टीव्ही-एसी स्वस्त झाले म्हणजे गीझरही झाला असेल, असं बऱ्याच जणींना वाटलं. तसं नाही. विजेच्या गीझरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो जुलै २०१८ मध्येच, आणि आजही तो १८ च आहे. सप्टेंबरमध्ये कमी झाला तो सौर वॉटर हीटरवरचा, १२ वरून ५ टक्के. दुकानात सूट मिळत असेल तर जरूर घ्या, पण "कर कमी झाला म्हणून" विजेचा गीझर बदलायचं कारण नाही.

दुसरं कारण दुकानदार सांगतो, "जुना गीझर वीज खातो, नवा घ्या, बिल अर्ध्यावर येईल." मैत्रिणींनो, इथे जरा थांबून आकडेमोड करू. २५ लिटर थंड पाणी चांगलं कढत करायला एक ते सव्वा युनिट वीज लागते. गीझर जुना असो की नवा, पाण्यात तेवढी उष्णता जावीच लागते. त्यात आंघोळीपुरतं गार पाणी मिसळलं की अडीच-तीन बादल्या होतात. मग स्टार कशाचे? तापलेलं पाणी टाकीत पडून असताना जी उष्णता हळूहळू बाहेर जाते, ती किती कमी जाते त्याचे. जिथे गीझर दिवसभर चालू असतो, तिथे पाच स्टारचा नक्कीच फायदा. पण जी बाई आंघोळीआधी वीस मिनिटं बटण लावते आणि पाणी काढलं की बंद करते, तिचं बिल नव्या गीझरने अर्ध्यावर येणार नाही.

बिल खरं वाढतं ते टप्प्यांमुळे. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटपर्यंत वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता आणि १०१ व्या युनिटपासून १० रुपये २९ पैसे. वहन आकार वेगळाच. दर पुढेमागे होतात, टप्पे राहतात. समजा तुमच्या घरी महिन्याला ९० युनिट जळतात आणि हिवाळ्यात गीझरने रोजचे दोन युनिट घेतले. महिन्याचे झाले साठ. त्यातले पन्नास महागड्या टप्प्यात गेले, म्हणजे त्या पन्नासाचेच पाचशेवर रुपये. "गीझर बिघडला म्हणून बिल आलं" असं आपण म्हणतो, पण बिघडलेला तो बहुधा नसतोच.

तेव्हा बिलासाठी गीझर बदलू नका. मग कशासाठी बदलायचा?

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीकडे नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर उपायही शोधला होता, चपला घालून आंघोळ करायची! कितीतरी महिने असे गेले. एका सकाळी तिची दहावीतली मुलगी घाईत अनवाणीच आत गेली. शॉक लागून फेकली गेली, कोपराचं हाड मोडलं. जीव वाचला एवढंच. दुसऱ्याच दिवशी नवा गीझर आला. मी आठवडाभराने भेटायला गेले तर नळाला पुन्हा मुंग्या! वायरिंग तेच, प्लगच्या तिसऱ्या छिद्रामागे वायरच नाही. अर्थिंगच नव्हतं त्या घराला. त्या दिवशी मला कळलं, की दुरुस्त की नवा हा प्रश्नच आपण अर्धवट विचारतो. आधी भिंतीतलं अर्थिंग तपासायचं, ईएलसीबी बसवायचा (करंट गळला की क्षणात वीज तोडणारं बटण), मग गीझरचं बोलायचं. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला हे स्पष्ट सांगा. संकोच कसला त्यात?

आता गीझरकडे. पाणी तापत नाही, उशिरा तापतं किंवा उकळतंच राहतं, ही दुखणी बहुतेक वेळा एलिमेंटची नाही तर थर्मोस्टॅटची असतात. ती दुरुस्ती काही शेकड्यांत होते, नवा गीझर काही हजारांत जातो. तिथे दुरुस्तीच करावी, फक्त सुटा भाग आयएसआय मार्कचा घ्यावा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडत असतील तर तो बिघाडच नाही. पाणी तापलं की फुगतं, जादा दाब तिथून बाहेर जातो. "टपटप नको" म्हणून ते तोंड लाकडी खुंटी ठोकून बंद केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. बायांनो, ते करू नका, टाकी फुटू शकते. पण जोडाला नाही, व्हॉल्व्हला नाही, आणि तरी खालच्या झाकणातून पाणी येतंय, गरम पाण्याला तांबूस रंग आहे, तर आतली टाकीच सडली समजा. तिला इलाज नाही. तो गीझर भंगारातच द्यायचा.

आपल्या जिल्ह्यात टाक्या लवकर का जातात याचं कारण पाण्यात आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आटलं तेव्हाचे यवतमाळचे हाल कोण विसरेल! नळाची शाश्वती नाही म्हणून घरोघरी बोअर आले. बोअरचं पाणी जड. वणीकडे तर जमिनीतच चुनखडी, राजूरच्या चुनाभट्ट्या उगाच नाहीत. कढईला जो पांढरा थर बसतो तोच एलिमेंटवर बसतो, मग ते आतल्या आत तापून जळतं. टाकी वाचावी म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. गंज आधी तिला खातो, टाकीला नंतर. ती संपली की टाकीची पाळी. ही कांडी बदलता येते हे मला स्वतःला दहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं! बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा, थंडीच्या आधी, मेकॅनिककडून गाळ काढून घ्या आणि ती कांडी बघून घ्या.

"त्यापेक्षा आमचा बंब बरा होता," असं सासूबाई म्हणतात. पऱ्हाट्या घालायच्या आणि पाणी कढत. गळला की कासाराकडून डाग देऊन आणायचा, तीस वर्षं चालला. खरं आहे, पण त्या तीस वर्षांत पहाटे साडेचारला उठून धूर कुणी खाल्ला, हे त्याच सांगू शकतात. गॅस गीझर स्वस्तात पडतो असं सांगणारेही भेटतात. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या दिवशी मुंबईत घाटकोपरला एक जोडपं रंग खेळून आंघोळीला गेलं आणि बाथरूममध्येच मृतावस्थेत सापडलं. गॅस गीझरमुळे गुदमरल्याचा संशय होता. बंद जागेत गॅस जळताना जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला वास नाही, रंग नाही. आपली बाथरूमं केवढी आणि खिडक्या केवढ्या, आठवून बघा. तो गीझर बसवायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

सौर वॉटर हीटर मला पटतो. ऊन आपल्याकडे कमी नाही. पण वरच्या टाकीत रोज पाणी हवं आणि जड पाण्यात त्यालाही क्षार धरतात. आणखी एक घोटाळा होतो. 'पीएम सूर्यघर'चं अनुदान, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंतचं, हे छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सौर हीटरसाठी नाही. "सोलरवर सबसिडी आहे" म्हणत कुणी पावती फाडायला आलं तर कुठलं सोलर ते आधी विचारा.

राहिला दुरुस्तीचा हक्क. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी म्हणून. चांगलंच आहे, पण पुसद-दारव्ह्याच्या बाईचा खरा आधार म्हणजे तिच्या हातातलं पक्कं बिल. गीझरच्या टाकीची हमी वेगळी आणि जास्त वर्षांची असते. माझ्या नणंदेची टाकी हमीच्या मुदतीतच गळली, पण दुकानदाराने साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली होती. ना मॉडेल, ना नंबर. हमी गेली. बिलावर गीझरचा नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. एवढं करूनही दाद मिळाली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

आमच्याकडचा गीझर बारा वर्षांचा. एलिमेंट दोनदा बदललं, थर्मोस्टॅट एकदा. गेल्या आठवड्यात खालून तांबूस पाणी यायला लागलं. मेकॅनिकने झाकण उघडून टॉर्च मारला आणि म्हणाला, "कायले पैसे घालता ताई याच्यात, टाकीच सडली." घरच्यांचं म्हणणं, ही थंडी काढू. मी भंगारवाल्याला रविवारी बोलावलंय. इलेक्ट्रिशियनला मात्र शनिवारीच, अर्थिंग बघायला.