मुलांकडे पाहून

मोडू पाहणारा संसार सावरण्यासाठी आपल्याकडे बैठक बसते, तेव्हा एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ‘मुलांकडे पाहून तरी नांद.’ नात्यातली वडीलधारी माणसे ते बोलतात, जातीचे पंच बोलतात, आणि सल्ला केंद्रांत काम करणारे आपले कार्यकर्तेही, कधी कळवळ्याने तर कधी निव्वळ सवयीने, तेच बोलतात. वाक्य बहुधा बाईलाच उद्देशून असते. मारहाण, व्यसन, अपमान तिने सोसावा म्हणून मुलांचा दाखला दिला जातो. संसार मोडल्यावर मात्र त्याच मुलांकडे पाहण्यास कोणाला सवड उरत नाही.

घटस्फोट हे पाश्चात्त्य खूळ आहे, हा समज प्रथम सोडला पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक कष्टकरी जातींत काडीमोड पूर्वापार चालत आली आहे. विवाह अतूट मानण्याची मिरास वरच्या जातींची, आणि तीही मुख्यतः स्त्रीपुरती. कायद्याने मुंबई राज्यात १९४७ साली आणि देशभरच्या हिंदूंना १९५५ साली हा मार्ग खुला केला. परस्पर संमतीची तरतूद १९७६ साली आली. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित व्यक्ती सुमारे साडेतेरा लाख होत्या, तर घटस्फोटाविना विभक्त राहणाऱ्या सुमारे पस्तीस लाख. ज्यांच्या आईबापांचा निकालच लागलेला नाही, अशा मुलांचा प्रश्न म्हणूनच अधिक मोठा आहे. त्यांच्या घरात रोज सुनावणी चालू असते.

मुलाला सर्वांत अधिक काय जाळते? आईबाप वेगळे झाले याहूनही, ते भांडत राहिले आणि आपल्याला कोणी काही सांगितले नाही, हे. चार-पाच वर्षांचे मूल ‘मी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ अशी स्वतःची समजूत करून घेते. दहा-बारा वर्षांचे मूल संतापते, एकाची बाजू घेते आणि दुसऱ्याशी बोलणे टाकते. पंधरा-सोळाचा मुलगा वा मुलगी अकाली कर्ती होते : आईचे डोळे पुसते, धाकट्यांना सांभाळते, आणि अभ्यास मागे पडल्याचे शाळेच्या निकालातूनच घरी कळते. अशा शहाण्या मुलांचे कौतुक होते. वास्तविक चिंता त्यांचीच अधिक करावयास हवी.

म्हणून शक्य तेथे दोघांनी मिळून, मुलाला समजेल अशा भाषेत, खरे ते सांगावे. आपण वेगळे राहणार आहोत. हे तुझ्यामुळे झालेले नाही. तू कोठे झोपशील, शाळा तीच राहील का, आजीकडे कधी जाशील. मुलाला तत्त्वज्ञान नको असते, उद्याचा दिवस हवा असतो. त्याच्या हाती निरोप देऊ नयेत, पैशाची मागणी त्याच्या तोंडून करवू नये, आणि ‘तुला आई हवी की बाबा?’ हा आपल्या घरांतून गमतीनेही विचारला जाणारा प्रश्न कायमचा बंद करावा. जाणत्या मुलाचे मत न्यायालय विचारात घेऊ शकते. परंतु मत ऐकणे निराळे, आणि निवाड्याचे ओझे मुलाच्या शिरावर ठेवणे निराळे.

आता अर्थशास्त्राचा भाग. एका मिळकतीवर एक चूल चालत होती, आता दोन चालवावयाच्या असतात. भाडे दोन, गॅस दोन, मिळकत तीच. ही तूट मुलाच्या वाट्याला येते. इंग्रजी शाळेतून नाव काढले जाते, शिकवणी सुटते, दूध कमी होते. मुलाचे दुःख आपण मानसिक म्हणतो, त्यातला बराच अंश पोटगीच्या थकबाकीत मोजता येतो. मंजूर झालेली रक्कम जागच्या जागी राहते आणि भाव वाढत जातात. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागता येते, हे पुष्कळ स्त्रियांना कोणी सांगितलेलेच नसते. फौजदारी कायद्याखालील पोटगीची थकबाकी वसूल करावयाची तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पूर्वीच्या कलम १२५ मधील ही अट २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही कायम आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मिळकतीचे प्रतिज्ञापत्र देण्याचे बंधन घातले. त्याचा आग्रह धरावा. याच कायद्याने धडधाकट मुलाची पोटगी अठराव्या वर्षी संपते. म्हणजे ऐन बारावीत वा पदविकेच्या मध्यावर! मुलगा कमावता कधी होतो हे ठरवणाऱ्याने आजचा रोजगार-बाजार पाहिलेला दिसत नाही. ही मर्यादा शिक्षण पुरे होईपर्यंत वाढवावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

आणखी एक दुराग्रह मोडावयास हवा. पोटगी थकली म्हणून मुलाची भेट अडवणे, आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी अडवणे. बापाशी भेट हा मुलाचा हक्क आहे आणि पोटगी हाही मुलाचाच हक्क. एकाच्या बदल्यात दुसरा देणे हा त्याच्या मालकीच्या वस्तूंचा परस्पर व्यापार झाला. जेथे मारहाणीचा वा अत्याचाराचा धोका आहे तेथे गोष्ट अर्थातच निराळी. तेथे भेट न्यायालयाच्या देखरेखीखालीच व्हावी, वा होऊच नये.

१९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली, समुपदेशक आले; वकिलाचा हक्काने शिरकाव तेथे नाही. हेतू चांगला होता. पण तालुक्याच्या गावातील बाईला ते न्यायालय दूर पडते, आणि बापलेकाची भेट बसस्थानकावरील बाकावर होते. आपल्या अनेक गावांतून चळवळीची वाचनालये आहेत, रविवारी सकाळी ती रिकामीच असतात. एक खोली, चार गोष्टींची पुस्तके, कॅरमचा पाट आणि दोन्ही पक्षांना मान्य असा एक वडीलधारा कार्यकर्ता, एवढ्यावर ही भेट तेथे घडवता येईल. तालुका समित्यांनी पुढील बैठकीत हा विषय घ्यावा.