दिवाळीच्या तोंडावर रंगकाम नको!



पर्युषण आटोपलं, खमतखामणा झाला, की आपल्या बायकांच्या गप्पांत एक विषय हटकून निघतो. "यंदा रंग द्यायचा का गं?" आणि मग महिन्याभरात नगरमधल्या निम्म्या घरांत शिड्या उभ्या राहतात. माझं स्पष्ट मत आहे की ही रंगकामाची सगळ्यात चुकीची वेळ. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, हात पोळल्यावर सांगतेय.

तीन वर्षांपूर्वी आम्हीही सावेडीतल्या घराला दिवाळीआधी रंग द्यायला काढला. ठेकेदार म्हणाला, "पाच दिवसांत घर चकाचक करून देतो, भाभी." त्याच्याबरोबर एक वयस्कर रंगारी होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर त्यांनी तळहात टेकवला आणि म्हणाले, "ही भिंत ओली आहे. आधी ओल कुठून येते ते बघा, आणि महिनाभर थांबा." मी म्हटलं, "चाचा, दिवाळीला नणंदबाई येणार आहेत, थांबून कसं चालेल?" होळीपर्यंत त्या भिंतीचे पोपडे सुटून गादीवर पडायला लागले. मी ठेकेदाराला फोनवर खूप बोलले. पण मनात माहीत होतं, खरं सांगणाऱ्या माणसाचं मीच ऐकलं नव्हतं.

आपला जिल्हा दुष्काळी म्हणून आपण निर्धास्त असतो. पण नगरला पावसाचा खरा जोर बहुतेक वर्षी सप्टेंबरातच असतो. म्हणजे भिंतींनी पाणी पिऊन घेतलेलं असतं आणि त्याच वेळी आपण त्यावर पुट्टी आणि रंगाचा थर चढवतो. आतली ओल बाहेर पडू पाहते, रंगाला ढकलते, लोणा फुटतो. मग आपण कंपनीला नावं ठेवतो.

म्हणून रंगारी बोलावण्याआधी प्लंबर आणि गवंडी बोलवा. गच्ची, पाइप, खिडकीच्या वरची भेग हे आधी नीट करून घ्या. गळती तशीच ठेवून कितीही महागडा रंग लावला तरी तो टिकणार नाही.

आता रंगारी आल्यावर काय होतं ते सांगते, म्हणजे तुमची चिडचिड होणार नाही. पहिले काही दिवस घर सुधारत नाही, उलट बिघडतं. जुना रंग खरवडणं, भेगा भरणं, पुट्टीचे दोन हात, त्या वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणं, मग प्रायमर. पांढरी धूळ कपाटातल्या साड्यांपर्यंत जाते. शेवटचे दोन हात रंगाचे, ते पटकन होतात. खरं काम असतं ते आधीचं. आणि घाई असली की कात्री तिथेच लागते. पुट्टी वाळायच्या आत प्रायमर, प्रायमर वाळायच्या आत रंग. "पाच दिवसांत देतो" याचा अर्थ बहुतेक वेळा हाच. मागच्या वर्षी आम्ही पुन्हा काम केलं तेव्हा तीन खोल्यांना अकरा दिवस लागले.

जुन्या घरांत, विशेषतः कापड बाजार, डाळमंडईकडच्या वाड्यांत, दारं-खिडक्यांवर वर्षानुवर्षांचे ऑइल पेंटचे थर असतात. त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. म्हणून ते कोरडे घासू देऊ नका, पाणी लावून घासायला सांगा. लहान मुलं आणि गरोदर सून त्या दिवसांत माहेरी किंवा दुसऱ्या खोलीत असलेली बरी. घासणाऱ्या माणसालाही मास्क द्या. धूळ त्याच्याच छातीत सगळ्यात जास्त जाते.

पैशांचं बोलणं आधीच झालेलं चांगलं. फक्त मजुरी की सामानासह? भिंतीचं माप आपल्यासमोर टेपने घेणार ना? दारं-खिडक्या त्यातून वजा होणार का? किती हात पुट्टी, किती हात रंग, शेवटची साफसफाई कोणाची? हे सगळं एका कागदावर लिहा. शेडचा नंबर लिहून ठेवा आणि थोडा रंग डब्यात झाकून ठेवा, पुढे डाग बुजवायला लागतो. शेड ठरवताना भिंतीवर हातभर पट्टा मारून तो दिवसा आणि ट्यूबलाइटखाली दोन्ही वेळा बघा. कार्डावरचा बदामी रंग भिंतीवर चक्क पिवळा दिसतो!

रंगाच्या आणि पुट्टीच्या डब्यात कंपनीचं टोकन निघतं, हे तुम्हाला माहीत असेल. ते रंगाऱ्यासाठी असतं. सामान आपण आणलं म्हणून ते टोकन आपण काढून घ्यावं हे मला पटत नाही.

आता आपल्या जयणेचं. चातुर्मास आषाढात बसतो आणि कार्तिकी पौर्णिमेला संपतो, म्हणजे दिवाळी चातुर्मासातच येते. पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त म्हणून आपण आरंभ-समारंभ कमी करतो, हिरवी भाजी सोडतो, आणि त्याच दिवसांत घरातला कानाकोपरा खरवडायला काढतो. फोटोमागे पालीची अंडी, माळ्यावर कोळ्यांची जाळी, चौकटीत मुंग्यांची रांग. घाईतला माणूस हे बघत बसणार नाही, त्याचा फटका बसतोच. आदल्या दिवशी आपण स्वतः पुंजणी घेऊन खोली हळुवार रिकामी करावी, हे काम रंगाऱ्यावर सोडू नये. ब्रश धुतलेलं पाणी झाडात किंवा उघड्या गटारात ओतू देऊ नका.

आणि ब्रशचंही विचारा. चांगले म्हणून विकले जाणारे अनेक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. मला हे पन्नाशीला कळलं! पूर्वी चुना द्यायला वाखाचा कुंचा असायचा, त्यामुळे आपल्या आज्यांपुढे हा प्रश्नच नव्हता. आता नायलॉन-पॉलिस्टरचे ब्रश आणि रोलर सहज मिळतात. दुकानात फक्त "सिंथेटिक द्या" म्हणायचं.

शेवटचं जरा अवघड आहे, पण लिहिते. त्या पहिल्या वेळी मी रंगाऱ्यांना चहा कान तुटलेल्या कपांत द्यायचे. ते कप खिडकीतच ठेवायचे, तेच धुवायचे, तेच वापरायचे. एके दिवशी लेकीने विचारलं, "मम्मी, चिलटाला दुखू नये म्हणून आपण तोंडासमोर मुहपत्ती धरतो, मग चाचांना असा कप का?" मला उत्तर सुचलं नाही. आपल्या घरात डब्यात काय चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी हसून सांगता येतं. माझा अनुभव असा की कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट मान राखतात. पण तो नियम अन्नाचा असतो, माणसाचा नाही. मागच्या वर्षी घरातल्याच स्टीलच्या पेल्यांत चहा दिला, जेवायला पंख्याखाली जागा दिली. आणि काम पसंत पडल्यावर शेवटचा हप्ता त्याच संध्याकाळी दिला. "दिवाळी झाल्यावर बघू" म्हणून आपण जे पैसे अडकवतो, ते त्यांच्या मुलांच्या सणाचे असतात. दुसऱ्याच्या घामाचे पैसे राखून ठेवणं आपल्या अचौर्य व्रतात बसतं का, ज्याने त्याने विचार करावा.

मग रंग द्यायचा कधी? कार्तिकी पौर्णिमेनंतर मार्गशीर्षात, किंवा परीक्षा संपल्यावर चैत्रात, अक्षय तृतीयेच्या आत. भिंती कोरड्या, हवा कोरडी, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता येतात, रंगाऱ्यांच्या हातात वेळ असतो आणि भावही ओढून धरलेला नसतो. दिवाळीला जाळी काढा, फरशी पुसा, दारात रांगोळी काढा. वीर प्रभूंच्या निर्वाणदिनी घर स्वच्छ असलं की पुरे, नव्या रंगाचंच असायला हवं असं कुठे लिहिलंय?

चाचा मागच्या चैत्रात पुन्हा आले होते. त्याच भिंतीवर हात टेकवून म्हणाले, "आता लावा." यंदाचा पावसाळा गेला, भिंत अजून कोरडी आहे.