सुधारकांपासून गाणे वाचवा

वाट्याला आलेली गोष्ट आहे तशी ठेवील, तर तो आपला माणूस कसला! नवे घर घेतले की आधी एक भिंत पाडायची. तयार मसाला आणला की त्यात घरचा चमचाभर घालायचा. ही हौस स्वयंपाकघरात होती तोवर मी गप्प जेवत होतो. आता ती इंटरनेट रेडिओपर्यंत पोचली आहे, आणि गाणे म्हणजे आमटी नव्हे.

आमच्या साडूभाऊंचेच बघा. ते रेडिओवरच्या मैफली रेकॉर्ड करतात. त्यासाठी वेगळे साउंड कार्ड, सोनेरी टोकांची केबल, असा सगळा जामानिमा. परवा छाती फुगवून म्हणाले, "तीनशेवीस किलोबिटवर घेतलंय, तीनशेवीस!"

"स्टेशन किती पाठवतं?"

"एकशे अठ्ठावीस."

"मग वरचे एकशे ब्याण्णव कुठून आले?"

"अहो, मशीन चांगलं आहे!"

आता काय बोलायचे? अर्धा लिटर दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून लिटर होत नाही. उलट पातेल्याला चिकटून थोडे कमीच होते. इथेही तेच होते. एमपी-३ हा प्रकार मुळात काटकसरी. सीडीला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, तिथे हा १२८ मध्ये संसार भागवतो. कसा? कानाला बहुधा कळणार नाही तेवढे गाळून. मोठ्या आवाजाआड लपलेला बारीक आवाज त्यात पहिला जातो. गेला तो गेला. साडूभाऊंचा संगणक उरलेले उलगडतो, वाजवतो आणि वाजलेले पुन्हा एमपी-३ मध्ये कोंबतो. म्हणजे पुन्हा गाळणी! शिवाय मधेच मेल आली तर यमनच्या आलापात 'टिंग' असा एक नवाच स्वर लागतो. तासाभराची ५८ एमबीची फाइल १४४ एमबीची होते आणि आतले गाणे मात्र अधिकच रोडावते.

ही सवय कॅसेटच्या काळातली. तेव्हा रेडिओवरून टेप करणाऱ्याच्या हाताला खरोखर किंमत होती. लेव्हल चुकली की आवाज फाटे, टेप हलकी असली की खरखर येई. इंटरनेटवर मात्र स्टेशन आवाज पाठवतच नाही, पाठवते ते आकडे. आकडे जसे आले तसे फाइलीत उतरवून घ्या, की स्टेशनने दिलेले सगळे तुमच्याकडे आले. यापेक्षा उत्तम दर्जा ब्रह्मदेवाच्या बापालाही मिळायचा नाही. व्हीएलसीत हे होते, एफएफएमपेगला 'कॉपी' एवढे सांगितले की होते, आणि दोन्ही फुकट आहेत. कदाचित म्हणूनच साडूभाऊंचा त्यांच्यावर विश्वास नसावा!

हौसच असेल तर ती आधी भागवा. एकाच स्टेशनचे दोन-तीन प्रवाह असतात, त्यांतला सर्वांत भरघोस निवडा. किलोबिट सारखे असतील तर एएसी सहसा एमपी-३ पेक्षा सरस. कोणी फ्लॅक देत असेल तर प्रश्नच मिटला, त्यात काही गाळलेलेच नसते. सोनेरी केबलचे पैसे वाचवून संगणकाला राउटरची साधी वायर जोडा. वायफाय अडखळले आणि सम निसटली, तर ती कुठल्याही साउंड कार्डातून परत येत नाही.

"पण कानाला फरक कुठे कळतो?" साडूभाऊ विचारतात. एकदा केले तर नसेलही कळत. पण फाइल एका घरी थोडीच राहते! ती मेव्हण्याकडे जाते, तो खरखर 'साफ' करतो. भाचा आवाज 'वाढवतो'. प्रत्येक जण पुन्हा गाळतो आणि वर '३२०' ची पाटी लावतो. मग कोणीतरी जागा करायला दोन्ही फाइली समोर ठेवतो आणि लहान ती पुसतो. ती लहान फाइलच अस्सल असते. रेडिओवरची मैफल पुन्हा लागेल याचा काही भरवसा नाही. उद्या नातवाला आजीच्या आवडीच्या गवयाचा आवाज ऐकायचा असेल, तर त्याला मिळणार चार सुधारकांचा गाळ, आणि गवई असाच गात असे, असे तो बिचारा खरे मानून चालणार.

म्हणून हात जोडून सांगतो, गवयाने गायले आहे, स्टेशनने पाठवले आहे, आपण फक्त झेलायचे आहे. सुधारणाच करायची असेल, तर घरात अजून एखादी भिंत शिल्लक असेलच!