नोकरी मिळाली, पण खाते कोणते?

पोरगा कंपनीत लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. पण कंपनीतल्या कोणत्या खात्यात लागला आणि तिथून चांगल्या खात्यात बदली कधी होणार, हे कोणी विचारत नाही. बाबासाहेबांनी हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी विचारला होता.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार रिंग खात्यात चालत. विणकामाच्या साचे खात्यात मजुरी जास्त. तिथे मात्र त्यांना मज्जाव! कारण काय, तर धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपात हे खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढेच ठेवली. दार नुसत्या मालकाने अडवले नव्हते, शेजारी उभ्या असलेल्या कामगारानेही अडवले होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बजावले, ते उगाच नाही.

आज तो धोटा गेला, बहुतेक गिरण्याही गेल्या. रीत मात्र उरली. अनेक ठिकाणी साफसफाई आणि हमालीला आपली माणसे. खरेदी, लेखा, आस्थापना इथे दुसरीच. जागा रिकामी झाल्याचे साहेबांच्या मर्जीतल्यांना आधी कळते. आपल्या माणसाने अर्ज केला की उत्तर ठरलेले: "त्या कामाचा अनुभव नाही." खात्यात पाऊलच टाकू दिले नाही, तर अनुभव येणार कुठून? आणि जो अन्यायाविरुद्ध बोलतो, त्याची बदली मात्र एका दिवसात होते!

महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार कायद्याने द्वेषबुद्धीने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेली बदली अनुचित प्रथा ठरवली. पण एकाच छपराखाली या खात्यातून त्या खात्यात फेकले, तर त्यावर बोट ठेवणे कठीण. राज्याचा 2005 चा बदली कायदा शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आहे. खासगी कंपनीला तो लागू नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. रिकाम्या जागा फलकावर लावा. ज्येष्ठता यादी जाहीर करा. नव्या कामाचे प्रशिक्षण सर्वांना द्या. बदली नाकारली तर कारण लेखी द्या. सरकारी कंपनीत माहिती अधिकाराखाली खातेनिहाय, प्रवर्गनिहाय संख्या मागवा. खासगी कंपनीत हा मुद्दा पगारवाढीच्या करारात घालायला युनियनला भाग पाडा. युनियन टाळाटाळ करू लागली, तर तिला 1928 ची आठवण करून द्या.