रिकाम्या टाकीची बाजू

गेले दोन महिने आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा हॉलमधल्या चार फुटी टाकीसमोर उभा राहतो, वाकून आत बघतो आणि विचारतो, "मासे कुठायत?"

मासे नाहीत. दगड आहेत, वाळू आहे, थोड्या गोगलगायी, दोन हर्मिट खेकडे, आणि एका दगडावर रुपयाएवढी सात-आठ मश्रूम कोरल्स. दिवे वेळेवर लागतात, पंप चालतात, विजेचं बिलही येतं. सासरे परवा म्हणाले, "एवढा खर्च करून नुसतं पाणीच बघायचं होतं, तर खडकवासल्याला जायचं होतंत!" मी हसून सोडून दिलं. पण मंडळी, आज मला ह्या रिकाम्या टाकीची वकिली करायची आहे. आणि खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे मेले की "काय करणार, नशीबच खराब" म्हणणाऱ्या तमाम शौकिनांवर आरोपही करायचाय. आरोपी नंबर एक मी स्वतःच, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न येत नाही.

झालं असं. जानेवारीत टाकी उभी केली. दुकानदाराने बॅक्टेरियाची बाटली दिली. "साहेब, ही ओता, संध्याकाळी मासे सोडा, बिनधास्त." माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही साखळी नव्या दगडांवर नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे मला माहीत होतं. वाचलं होतं. तरी चौथ्या दिवशी दोन क्लाऊनफिश घरात आले. मग लेकीला 'डोरी' हवी म्हणून एक निळा टँग. मग एक रॅस आणि एक गोबी, कारण दुकानात गेल्यावर रिकाम्या हाताने परत येणं मला जमत नाही.

टँगच्या अंगावर अकराव्या दिवशी पांढरे ठिपके दिसले. मीठ भुरभुरल्यासारखे. क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी, बोलीभाषेत 'मरीन इक'. दुकानातून 'रीफ-सेफ' औषध आणलं, म्हणजे माशाला बरं करणार आणि कोरलला, गोगलगायीला काही होणार नाही असं. पाच दिवसांत ठिपके गायब. मी तर मित्रांच्या ग्रुपवर फोटोही टाकला, "जिंकलो!"

नऊ दिवसांनी पाचही माशांवर ठिपके होते. पुढच्या आठ दिवसांत चार मासे गेले. टँग सगळ्यात आधी. लेकीला मी सांगितलं, डोरी दुकानात परत दिली. (ती सात वर्षांची आहे. तिने विश्वास ठेवला नाही.)

आता हा परजीवी जगतो कसा ते बघा, म्हणजे मी कुठल्या बाटलीवर चिडलोय ते कळेल. माशाच्या कातडीखाली तो साधारण तीन ते सात दिवस राहतो. आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे हा मुक्काम. पोट भरलं की तो आपणहून मासा सोडतो, वाळूवर किंवा दगडावर पडतो आणि स्वतःभोवती कवच करून आत विभागत राहतो. एका कवचातून शेकडो पिल्लं निघू शकतात, आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. म्हणजे ठिपके पाच दिवसांत जाणारच होते. मी औषध ओतलं असतं, गोमूत्र ओतलं असतं किंवा टाकीसमोर रामरक्षा म्हटली असती, तरी पाचच दिवसांत गेले असते. श्रेय मात्र बाटलीला! आणि त्या पाच दिवसांत खाली वाळूत पुढची फौज तयार होत होती. असल्या बाटल्यांचा सगळा धंदा ह्या मधल्या शांततेवर चालतो.

बरं, खरा इलाज नाही असं नाही. इलाज आहे, आणि जुना आहे. तांबं. पण तांबं गोगलगायी, कोळंबी, कोरल सगळ्यांना मारतं आणि दगडात शोषलं जातं, म्हणून ते मुख्य टाकीत चालत नाही. मासा वेगळ्या साध्या काचेच्या टाकीत काढायचा. चिलेटेड तांबं असेल तर लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, रोज टेस्ट किटने मोजत, ३० दिवस. तांबं नको असेल तर दर तीन दिवसांनी मासा एका टाकीतून दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ, नव्या पाण्याच्या टाकीत हलवत राहायचं, म्हणजे खाली पडलेली कवचं मागेच राहतात. ही युक्ती इकवर चालते. मखमलीसारखा दिसणारा 'व्हेल्व्हेट' ह्यापेक्षा कितीतरी वेगाने मारतो आणि त्याच्यावर ही चालत नाही. तोवर मुख्य टाकी बिनमाशांची ठेवायची. किती दिवस? कवचातून ७२ दिवसांनीसुद्धा पिल्लं निघाल्याची नोंद आहे, म्हणून शौकिनांमध्ये ७६ दिवसांचा हिशोब रूढ आहे.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांना वनवासाला पाठवतोय. मग युक्तिवाद सुरू होतात. पहिला लाडका युक्तिवाद: "अरे, इक प्रत्येक टाकीत असतोच, मासा तगडा ठेव, खाण्यात लसूण घाल." नाही, असतोच असं नाही. परजीवी हवेतून जन्माला येत नाही. तो माशाबरोबर येतो, किंवा दुसऱ्याच्या टाकीतल्या दगडाबरोबर, पाण्याबरोबर. आपण आणला नाही तर तो येत नाही, इतकं सोपं आहे. आधीपासून असलेल्या टाकीत धडधाकट मासे कधीकधी त्याला पुरून उरतात, खरंय. पण मग पंप बंद पडतो, मे महिन्यात पाणी ३१ डिग्रीला जातं, नवा मासा येऊन मारामाऱ्या होतात, आणि परत पहिले पाढे पंचावन्न. लसणाबद्दल काय बोलू? आमची आजी लसूण कानात पण घालायची.

दुसरा युक्तिवाद जागेचा. "टू बीएचकेमध्ये दुसरी टाकी कुठे ठेवू?" अरे भल्या माणसा, साठ लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचे चार तुकडे. वाळू नको, दिवा नको, शोभा नको. माझी वॉशिंग मशीनशेजारी आहे. सगळं मिळून टँगपेक्षा स्वस्त पडलं. दुसऱ्या टाकीला जागा नसेल तर पहिलीलाही नाही, असं माझं सरळ म्हणणं आहे. आवडो न आवडो.

आता शेवाळाकडे येतो. तिथे मी जास्त हुशारी केली, म्हणून जास्त तोंडावर आपटलो.

तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी पावडर आली. ते डायटम, नव्या टाकीत येतात, आपले आपण जातात. मग हिरवी केसाळ. तिचं मूळ मात्र मी घरात शोधलं. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळून येतं. मी मीठ कालवायला वापरत होतो स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी. त्या यंत्राला एक छोटा स्क्रू असतो, पाणी 'गोड' लागावं म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. मीटर लावला तर टीडीएस ९०! महिनाभर मी शेवाळाला खत घालत होतो आणि वर शेवाळनाशकाच्या जाहिराती वाचत होतो. स्क्रू बंद केला, पुढे डीआय रेझिनची नळी लावली, आकडा शून्यावर आला. खर्च किरकोळ. ही गोष्ट मला तीन दुकानदारांपैकी एकानेही विचारली नाही. बाटली मात्र तिघांनी दाखवली.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण आपण पडलो इंजिनिअर, ग्राफ खाली जाताना दिसला की तो शून्याला टेकवल्याशिवाय झोप येत नाही. मासे काढून घेतले होते, त्यामुळे खाणं पडत नव्हतं. वर फॉस्फेट शोषणारी माती लावली. एप्रिलच्या सुरुवातीला नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी बायकोला बोलावून आकडे दाखवले. तिने "छान" म्हटलं, टीव्हीकडे बघत.

दहा दिवसांत दगडांवर तपकिरी शेंबडासारखे धागे लोंबायला लागले, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. डायनोफ्लॅजेलेट. पोषणद्रव्यं संपली की शेवाळ आणि जीवाणू उपाशी मरतात, मोकळ्या जागेवर हे बसतात. काही जाती विषारी असतात. माझ्या अकरा गोगलगायी मेल्या. ज्या आकड्यांवर मी खूश होतो, त्या आकड्यांनीच मारल्या. औषध काय होतं? त्या शोषक मातीची पिशवी काढून फेकणं, रोज चिमूटभर खाणं घालून नायट्रेट ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०५ ला आणणं, आणि रात्री ह्या जीवांपैकी जे पाण्यात तरंगायला लागतात त्यांच्यासाठी एक यूव्ही दिवा. पुन्हा थोडं हिरवं शेवाळ आलं तेव्हा मला अक्षरशः आनंद झाला. हे वाक्य मार्चमध्ये कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ऑफिसात आपण काय करतो? शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर हॉटफिक्स मारतो, सोमवारी दुसरा मारतो, आणि त्याला चपळपणा म्हणतो. तिथे सर्व्हर मरतो, तो परत उठवता येतो. बहुतेक गोड्या पाण्यातले शोभेचे मासे शेतीसारखे वाढवलेले असतात, पण समुद्री माशांतले बहुतेक आजही समुद्रातून पकडूनच येतात. क्लाऊनफिश हा अपवाद. तो हॅचरीत वाढवता येतो, आपल्या सीएमएफआरआयनेही त्याचं तंत्र बसवलंय. डोरीचा टँग मात्र बंदिस्त जागेत पहिल्यांदा वाढवला गेला तो २०१६ साली, अमेरिकेत. माझा तसा नव्हता, हे मी पैजेवर सांगतो. कुठल्यातरी प्रवाळ खडकावरून कुणीतरी जाळ्यात धरला असणार. मग पिशवी, विमान, पिशवी, दुकान, पिशवी, आणि मग आमचा हॉल. दहा-वीस वर्षं जगू शकणारा जीव माझ्याकडे २६ दिवस जगला. ह्याला 'शिकण्याचा खर्च' म्हणतात काही लोक. शिकलो मी, खर्च त्याचा झाला.

(जाता जाता, "खरी रीफ म्हणजे ब्रांचिंग कोरल, ती कुठे मिळतील" असं विचारणाऱ्यांसाठी: दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रघोडाही. काउंटरखालून कुणी दाखवलं तर हात जोडा आणि बाहेर पडा. बघायचीच असतील तर मालवणला जाऊन पाण्यात तोंड घाला.)

आज ५८ वा दिवस. वाचलेला एकुलता एक क्लाऊनफिश वॉशिंग मशीनशेजारी आहे, तांब्याचे ३० दिवस संपवून आता साध्या पाण्यात. मशीन स्पिनला लागलं की पाइपमध्ये जाऊन बसतो. लेक शाळेतून आली की आधी त्याच्याकडे जाते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारते. १८ राहिल्या.

हे लिहीत असताना ऑफिसमधल्या मित्राचा तिसऱ्यांदा फोन येऊन गेला. त्याने गेल्या शनिवारी टाकी घेतलीय. मेसेज आहे: "पाणी एकदम क्लिअर झालंय यार, दुकानासमोरच उभा आहे, दोन टँग घेऊ का?" फोन करतो त्याला आधी.