नेमून दिलेला सोबती

मित्र आणि सोबती हे दोन शब्द आपण बोलतांना बहुधा एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांत मोठा भेद आहे. मित्र मनुष्य स्वतः निवडतो; सोबती त्याला दुसरा कोणी तरी नेमून देतो, किंवा प्रसंग देतो. बराकींत शेजारच्या खाटेवर निजणारा शिपाई, रुग्णालयांत रात्रपाळीस बरोबर असलेली परिचारिका, आणि वसतिगृहांत आपल्याच खोलींत ट्रंक घेऊन शिरणारा अनोळखी मुलगा, हे सर्व सोबती होत. ह्यांच्याशीं कसें वागावें हें शिकविणारा विषय कोणत्याहि अभ्यासक्रमांत नाहीं. आणि मोठेपणीं तर ह्याच विषयांत मनुष्याची रोज परीक्षा होते. शाळा उघडल्या म्हणजे वसतिगृहाच्या चालकांकडे पालकांचा जो एक अर्ज पुनःपुन्हां येतो, तो ह्याच विषयाचा असतो. "आमच्या मुलाची खोली बदलून द्यावी." ह्या अर्जाविरुद्ध चार शब्द लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अमेरिकेंत यूटा संस्थानांतील सॉल्ट लेक सिटी येथें ज्यांचें मुख्य ठाणें आहे, त्या मॉर्मन पंथाची ह्या बाबतींतील रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यांच्या धर्ममतांशीं आपणांस येथें कर्तव्य नाहीं. त्या पंथांतील पुष्कळ तरुण अठरा-वीस वर्षांच्या वयांत घर व शिक्षण बाजूस ठेवून प्रचारकार्यासाठीं, अनेकदां परदेशीं, जातात. मुलगे दोन वर्षें व मुली दीड वर्ष. कोणत्या देशीं जावयाचें हें त्यांच्या इच्छेवर नसतें, आणि कोणाबरोबर राहावयाचें हें तर मुळींच नसतें. प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस दोघेदोघे असे पाठविलें, ही मार्काच्या शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायांतील गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्या आधारावर हे तरुण जोडीनें राहतात. जोडीदार तेथील प्रमुख नेमून देतो. त्याच्याबरोबरच उठावयाचें, शिजवून खावयाचें, अभ्यास करावयाचा आणि दारोदार हिंडावयाचें. एकट्यानें बाहेर पडावयाचें नाहीं. बरें, ही जोडी तरी कायमची असते काय? तसेंहि नाहीं. कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं ती मोडते, आणि पुन्हां एक नवा मनुष्य आपली वळकटी घेऊन दारांत उभा राहतो. आज ज्याचा सोबती यूटाच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्याचा उद्यांचा सोबती फिलिपिन्स बेटांतील असूं शकेल. आपल्या देशांत बंगळूर येथें त्यांचें केंद्र 1993 सालीं निघालें, आणि तेथेंहि हीच रीत आहे.

मराठी मुलखास हा पंथ अगदींच नवा आहे असेंहि नव्हे. 1852 सालीं ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक मुंबईस उतरला व पुढें पुण्यास जाऊन राहिला. आरंभीं तो एकटाच होता. मागाहून त्याचा भाऊ ॲलन त्यास येऊन मिळाला. भाऊच सोबती म्हणून मिळावा हें भाग्य किती जणांस लाभतें? आणि लाभलें तरी तें नेहमीं भाग्यच ठरतें असें नाहीं. ज्यांनीं भावाभावांच्या वाटण्या पाहिल्या आहेत त्यांस हें सांगावयास नको.

आतां ह्या रीतींतील खरी कसोटी कोठें आहे तें पाहूं. माझ्या मतें ती पहिल्या सोबत्याच्या वेळीं नसते. घर सोडून परक्या मुलखांत पाऊल टाकलेल्या मुलाला पहिला सोबती हाच आधार वाटतो. भाषा त्याला येते, रस्ते त्याला ठाऊक असतात, आणि त्याच्या दोषांकडे पाहण्यास नवख्याला सवडच नसते. अडचण उत्पन्न होते ती दुसऱ्याच्या वेळीं. पहिला पहांटे उठवीत असे, हा स्वतःच उठत नाहीं. पहिला चालतांना गोष्टी सांगे, हा तोंड मिटून चालतो. त्याच्या हातची आमटी बरी होई, ह्याला पाण्याला आधण आणण्यापलीकडे कांहीं येत नाहीं. वास्तविक नव्या सोबत्याचा अपराध एवढाच असतो कीं, तो पहिला नाहीं. नव्या गुरुजींस जुन्या गुरुजींच्या नांवानें पहिले दोन महिने वर्गांत जें सोसावें लागतें, तें ज्यांनीं पाहिलें आहे (आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं तें नुसतें पाहिलें आहे असें नव्हे), त्यांस हा प्रकार चांगला समजेल. दुधाची तहान ताकावर भागवावी लागली असें मनाशीं म्हणत जो नव्या सोबत्याबरोबर राहूं लागतो, त्याला तें ताक कधींच गोड लागणार नाहीं. तुलना बंद पडल्यावांचून परिचयाला आरंभ होत नाहीं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत तर हा प्रश्न परदेशीं न जातांच उभा राहतो. पुसद व दिग्रस ह्या भागांतील तांड्यांवरून आलेला मुलगा घरीं बंजारा बोली बोलतो. केळापूर, मारेगांव, झरी-जामणी ह्या भागांतील कोलामांच्या पोडांवरून आलेल्या मुलाची मातृभाषा कोलामी. गोंड मुलाची गोंडी. ह्या दोन्ही भाषा द्राविड कुळांतील, म्हणजे मराठीपेक्षां तेलुगूला जवळच्या. वणीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा वऱ्हाडी ठसक्यानें बोलतो, आणि यवतमाळ शहरांतील नोकरदाराच्या मुलाला तो ठसकाहि हंसण्यासारखा वाटतो. असे चौघे एका खोलींत आले म्हणजे काय होतें? कोलाम मुलगा गप्प बसतो. मराठी वाक्य मनांत जुळवीपर्यंत बोलणें पुढें गेलेलें असतें, आणि उशिरा बोलावें तर हंसें होईल ही भीति असते. शेजारच्या खाटेवरचा मुलगा मात्र घरीं कळवितो कीं, "माझा सोबती घुम्या आहे, गर्विष्ठ आहे, माझ्याशीं बोलतच नाहीं." वडील तें खरें मानतात व अर्ज लिहितात. सहा महिन्यांनीं तोच घुम्या मुलगा झाडावर चढण्यांत, पांखरें ओळखण्यांत व रानांतल्या वाटा सांगण्यांत सर्वांच्या पुढें असतो. परंतु तोंपर्यंत खोली बदललेली असते.

कित्येक अर्जांत कारण म्हणून प्रकृति, झोप, अभ्यास हीं लिहिलेलीं असतात. खरें कारण त्या दुसऱ्या मुलाचें आडनांव असतें. हें स्पष्ट लिहिल्याबद्दल पालकांनीं राग मानूं नये. तें कारण कागदावर उतरवितांना हात अडखळतो, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु हात अडखळतो तर अर्ज तरी कां करावा?

परदेशीं सेवेसाठीं जाऊन सोबती गमावणें व नवे मिळविणें ह्याचें मोठें उदाहरण पाहावयास मराठी माणसानें अमेरिकेकडे जाण्याची गरज नाहीं. 1938 सालीं जपानशीं झगडणाऱ्या चीनच्या साह्यास राष्ट्रीय सभेनें जें वैद्यकीय पथक पाठविलें, त्यांत पांच डॉक्टर होते. अलाहाबादचे अटल हे प्रमुख. ते स्पेनच्या यादवी युद्धांत काम करून आलेले. नागपूरचे मोरेश्वर रामचंद्र चोळकर हे वयानें सर्वांत वडील. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस अठ्ठाविशीचेहि नव्हते. कलकत्त्याचे दोघे, बसू व मुखर्जी. त्यांतहि बसू ऐन वेळीं आले, कारण त्यांच्या जागीं आधीं निवडलेल्या डॉक्टरास सरकारनें परदेशगमनाचा परवाना नाकारला. प्रांत निराळे, वयें निराळीं, मातृभाषा निराळ्या. 1 सप्टेंबर 1938 रोजीं मुंबईहून 'राजपुताना' बोटीनें हे पांच जण निघाले. चीनमध्यें पांचांनींहि आपल्या नांवांस 'हुआ', म्हणजे चीन, हें अक्षर जोडून घेतलें. कोटणीसांचे 'के दिहुआ' झाले. निराळ्या पांच घरच्या माणसांनीं परक्या देशीं एकच उपनांव घेतलें, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढें एकेक सोबती कमी होत गेला. वडील वारल्याचें वृत्त कोटणीसांस चीनमध्येंच कळलें, आणि तरीहि ते मागें फिरले नाहींत. 1939 च्या आरंभीं पथक येनानला पोहोंचलें. त्याच वर्षीं चोळकर व मुखर्जी स्वदेशीं परतले. उरलेले तिघे आघाडीकडे गेले. 1940 मध्यें प्रकृतीच्या कारणानें अटलहि परतले. मग कोटणीस व बसू असे दोघेच उरले, एक मराठी व एक बंगाली. त्यांचीहि ताटातूट झाली. बसू येनानला गेले व कोटणीस आघाडीकडील मुलखांतच राहिले. आतां भारतांतला एकहि सोबती नाहीं. जे आहेत ते सर्व चिनी: शिकाऊ डॉक्टर, परिचारिका, जखमी शिपाई, खेड्यांतील शेतकरी. कोटणीसांनीं चिनी भाषा आत्मसात केली आणि त्या भाषेंत विद्यार्थ्यांस शिकविलें. जानेवारी 1941 मध्यें, कॅनडाचे दिवंगत शस्त्रवैद्य नॉर्मन बेथून ह्यांच्या नांवानें चालणाऱ्या तेथील रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षीं तेथील परिचर्येच्या शिक्षिका क्वो छिंगलान ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षीं मुलगा झाला, त्याचें नांव 'इनहुआ' ठेविलें. 'इन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, कोटणीस तेथेंच वारले. ह्या चार वर्षांत त्यांस सोबती कितीदां बदलावे लागले असतील तें वाचकांनीं मोजून पाहावें. त्यांतील एकहि त्यांनीं मुंबईहून निघतांना निवडलेला नव्हता, आणि खोली बदलून द्या म्हणून अर्ज करण्यास तेथें कोणी चालकहि नव्हता.

येथें कोणी विचारील कीं, सोबती खरोखरच वाईट असेल तर काय करावें? ह्याचें उत्तर संदिग्ध ठेवणें बरें नव्हे. तो मारीत असेल, चोरी करीत असेल, व्यसनांत ओढीत असेल, जातीवरून किंवा रूपावरून नित्य टोंचून बोलत असेल, तर त्याच दिवशीं सांगावें व त्याच दिवशीं खोली बदलावी. तेथें सहनशीलतेचें कौतुक करणारा मनुष्य मुलांचा हितकर्ता नव्हे. वेगळें होणें हें स्वतः पाप नाहीं. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायांत पौल व बर्णबा ह्यांची गोष्ट आहे. मागील प्रवासांत अर्ध्यावरून परतलेल्या मार्काला पुन्हां बरोबर घ्यावें कीं नाहीं ह्यावरून त्या दोघां थोर पुरुषांत तीव्र वाद झाला. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला व पौलानें सीलाला आपला सोबती केलें. काम मात्र दोघांपैकीं एकानेंहि सोडलें नाहीं. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौल त्याच मार्काला घेऊन ये म्हणून सांगतो, कारण तो सेवेसाठीं उपयोगी आहे.

परंतु घोरणें, उशिरापर्यंत दिवा ठेवणें, फडा आपल्या पाळीच्या दिवशीं हातीं न घेणें, लोणच्याची बरणी न विचारतां उघडणें, हीं दुष्टपणाचीं लक्षणें नव्हत. हीं सांगून, ऐकून, थोडें भांडून मिटतात, आणि तीं मिटविण्यास मुलांस वेळ मिळाला पाहिजे. तो वेळ हल्लीं मिळत नाहीं, ह्याचें कारण खिशांतला दूरध्वनि. सायंकाळीं कुरबूर झाली कीं रात्रीं ती आईच्या कानीं जाते, आणि सकाळीं मुलें ती विसरलेलीं असतात तेव्हां वडील मोटार-स्टँडवर येऊन उभे असतात. मॉर्मन तरुणांस 2019 पर्यंत वर्षांतून दोनदांच घरीं बोलतां येत असे. त्यानंतर आठवड्यांतून एकदां बोलण्याची मोकळीक मिळाली. पहिला नियम मला कठोर वाटतो. आठवड्यांतून एकदां मात्र योग्य वाटतें. सात दिवसांत निम्म्या तक्रारी आपोआप शिळ्या होतात.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, उपरोक्त गंभीर कारणें नसतील तर दिवाळीच्या सुटीपर्यंत खोलीविषयीं अर्ज करूं नये. सुटींत मुलगा घरीं आला म्हणजे त्याला सोबत्याचें पूर्ण नांव, त्याचें गांव, त्याच्या घरीं कोण कोण आहेत आणि त्याच्या भाषेंत पाण्याला काय म्हणतात, एवढें विचारावें. हीं चार उत्तरें त्याला देतां आलीं आणि तरीहि अर्ज करावासा वाटला, तर तो अवश्य करावा.