सलाईनच्या बाटलीत वाहून जाणारी मजुरी

आपल्या वस्त्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. ज्याने सुई दिली नाही तो डॉक्टरच नव्हे, आणि ज्याने सलाईन लावली तो मोठा डॉक्टर! जुलाब झाले, सलाईन. ताप उतरला पण हातपाय गळाल्यासारखे वाटतात, सलाईन. लग्नसराईत जागरणे झाली, डोके जड आहे, लावा एक सलाईन. दिवसभराची मजुरी, कधी दोन दिवसांची, त्या नळीतून थेंबथेंब निघून जाते आणि घरी परतताना माणूस समाधानाने सांगतो की, अंगात जरा ताकद आली. आम्ही वकिली करतो, वैद्यकी नाही. परंतु ज्या समाजाने पोथ्या तपासून पाहिल्या आणि नाकारल्या, त्याने ही बाटलीही एकदा तपासून पाहायला हरकत नसावी.

काय असते या बाटलीत? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी सारे पाणी. ताकद शून्य. ज्या बाटलीला आपण ‘ग्लुकोज’ म्हणतो तिच्यात पाच टक्के साखर, म्हणजे २५ ग्रॅम असते. चहाचे पाच-सहा चमचे. एका केळ्यातून मिळते तेवढीच ऊर्जा. तिच्यात जीवनसत्त्वाचे इंजेक्शन सोडले की पाणी पिवळे होते, आणि पिवळ्या बाटलीचा भाव वेगळा लागतो. केळे खाल्ले तर ते पोटात जाते. बाटली लावली तर शिरेत सुई जाते. ती सुई स्वच्छ आहे की नाही, हे कोण पाहतो? उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊ येथे, २०१८ च्या सुरुवातीला गोरगरीब वस्तीतील अनेकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले आणि एकाच सुईने टोचत फिरणाऱ्या भोंदू डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला. स्वस्तात टोचून मिळते म्हणून लोक त्याच्याकडे जात होते.

आता दुसरी गोष्ट पाहू. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे जमिनीवर पडलेले शेकडो रुग्ण होते आणि सलाईनचा साठा संपत आला होता. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपात कालवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णाला पाजायला सांगितले. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चारच्याही खाली आले. यात चमत्कार काही नाही. आतड्यात साखर आणि मीठ बरोबरीने शोषले जातात आणि आपल्यासोबत पाणी ओढून घेतात. जुलाब चालू असतानाही हे काम थांबत नाही. नुसते साखरपाणी किंवा नुसते मिठाचे पाणी दिले तर ते साधत नाही, दोन्ही लागतात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, एवढेच प्रमाण. मीठ मात्र अंदाजाने टाकू नये. जास्त मीठ लेकराला अपाय करते. आशाताईकडे ओआरएसची पुडी असेल तर ती अधिक चांगली. जुलाब होत असताना अंगावरचे दूध तोडू नये, मुलाला उपाशी ठेवू नये. मूल पाणीच पीत नसेल, सुस्त पडले असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी बंद झाली असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. तेथे लावलेली सलाईन खरोखर जीव वाचवते. आमचे भांडण तिच्याशी नाही, थकवा घालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बाटलीशी आहे.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने लोळागोळा झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला तथागतांना दिसला. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. पाणी, स्वच्छता आणि शेजारी बसणारे माणूस. आजाऱ्याची सेवा ती माझी सेवा, ही शिकवण या प्रसंगातून आली. आजारात भिक्खूंना मुभा दिलेली पाच औषधे तरी कोणती? तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवी. सारी घरातलीच. त्यातला मध आजही खोकल्यावर चालतो. फक्त एक वर्षाखालील बाळाला तो चाटवू नये.

खोकल्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. आठ-दहा दिवसांत ते आपले आपण जाते. तरी आम्ही मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणि सिरप उचलतो. २०२५ साली मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली होती. साध्या खोकल्यापायी! दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा खोकला मात्र साधा नव्हे, तेव्हा थुंकी तपासून घ्यावी.

राहिला अशक्तपणा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. घरात शेवटी जेवणारी, उरलेसुरले खाणारी आमची माउली ‘विकनेस आला’ म्हणते तेव्हा तिला बाटली लागत नाही. तिला डाळ, पालेभाजी, लिंबू, अंडे, सुकट, कलेजी लागते, आणि रक्त तपासून लोहाच्या गोळ्या. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. पण हे ताट आणायचे कोठून? २०१५ साली या राज्यात गोवंश हत्याबंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस गेले. २०२३ साली शाळेच्या पोषण आहारात अंडे आले, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी थांबवला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे.

विश्रांतीचेही तेच. कणकण आली की दोन दिवस पडून राहावे, हे सांगायला सोपे आहे. रोजंदारीवरच्या बाईने ते करायचे कसे? तिला उद्या कामावर उभे राहायचे असते, म्हणून ती आज बाटली लावते. हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४२ ते ४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी आठ तासांच्या कामासाठी प्रयत्न केले, त्यांच्याच खात्याने कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना प्रा. अडारकरांकडून आखून घेतली आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आजारपणात पगार बुडू नये, हे त्यातले सूत्र. आज कंत्राटी सफाई कामगाराचा विमा भरला जातो की नाही, हे आपल्या किती संघटना तपासतात? जाता जाता आणखी एक. बाबासाहेब रात्र-रात्र जागून वाचत, हे आम्ही प्रत्येक जयंतीला सांगतो; मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले आणि ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले, हे सांगत नाही. आमचे कार्यकर्तेही चहा-वडापाववर रात्री काढतात आणि चाळिशीतच शुगर घेऊन बसतात.

औषधाशिवाय बरे करतो म्हणणाऱ्या बाबांपासूनही सावध राहिले पाहिजे. मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग यांच्या गोळ्या कोणाच्या काढ्यावर विसंबून सोडू नयेत. मधुमेह आणि रक्तदाब बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. साप किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

वर्षावासात विहाराविहारांतून ग्रंथवाचन चालते आणि नेमके त्याच दिवसांत जुलाबाची साथ येते. वाचनानंतर पंधरा मिनिटे काढून मीठ-साखर-पाणी कसे कालवायचे ते आया-बहिणींना करून दाखवावे, विहारात ओआरएसच्या पुड्या ठेवाव्यात. आणि १९२७ साली ज्या पाण्यासाठी महाडला सत्याग्रह झाला, त्याच्यावर आज नजर ठेवावी. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. आपल्या गावाला कोणते मिळाले, आपल्या वस्तीच्या विहिरीत टीसीएल पावडर शेवटची कधी टाकली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही लागत नाहीत.